अमेरिकेतील मुलांच्या खुनांमधील तफावत वाचताना वय आधी, वंश नंतर

तुमचा प्रश्न थोडक्यात असा आहे: अमेरिकेत १७ वर्षांपर्यंतच्या मुलांच्या खुनांचे प्रमाण गेल्या दशकात वाढत गेले आणि त्यात कृष्णवर्णीय मुलांचा दर गोऱ्या मुलांच्या कितीतरी पट आहे, असे तुमच्या वाचनात आले. त्यावरील चर्चेत एकाने हे 'त्या समाजाच्या संस्कृती'मुळे घडते असे सांगितले, दुसऱ्याने गरिबीमुळे आणि तिसऱ्याने निव्वळ बंदुकांमुळे. यांपैकी खरे कोणाचे मानावे, हे तुम्हाला जाणून घ्यायचे आहे.

मी अमेरिकेतील एका राज्याच्या आरोग्य विभागात गेली चौदा वर्षे हिंसक मृत्यूंच्या नोंदी वाचून त्यांचे वर्गीकरण करण्याचे काम करते. मृत्यूचा दाखला, शवविच्छेदनाचा अहवाल आणि पोलिसांचा अहवाल असे तीन कागद एकत्र आणून, मृताचे नाव वगळून, त्या मृत्यूची एकच सलग नोंद तयार करणे हे त्या कामाचे स्वरूप आहे. राष्ट्रीय हिंसक मृत्यू नोंद यंत्रणा या नावाने हे काम २००२ साली सहा राज्यांपासून सुरू झाले आणि २०१८ पर्यंत सर्व ५० राज्यांत पोहोचले. त्यामुळे माझे उत्तर न्यायालयाच्या किंवा राजकारणाच्या बाजूने नसून नोंदींच्या बाजूने आहे, आणि त्या बाजूने पाहिले तर तुमच्या चर्चेतील तिघेही एकाच चुकीच्या जागेवरून सुरुवात करत आहेत, असे मला वाटते.

ती जागा म्हणजे ० ते १७ या वयाच्या सगळ्या मुलांना एकत्र करून काढलेला एकच दर. १९९९ ते २०२० या काळात अमेरिकेत या वयोगटातील ३८,३६२ मुलांचा खून झाला. २०१३ नंतर हा दर दरवर्षी सरासरी ४.३ टक्क्यांनी वाढला आणि २०१९ ते २०२० या एका वर्षात तो दर लाख मुलांमागे २.२ वरून २.८ वर गेला. हे आकडे खरे आहेत आणि गंभीर आहेत. पण त्याच काळातील त्याच नोंदी वेगळ्या केल्या, तर मुलींचा, अर्भकांचा, १ ते ५ वर्षांच्या मुलांचा, गोऱ्या आणि आशियाई मुलांचा आणि देशाच्या ईशान्य भागातील मुलांचा दर दीर्घकाळात कमी झालेला दिसतो. वाढ झाली ती मुख्यतः किशोरवयीन मुलग्यांमध्ये, कृष्णवर्णीय आणि हिस्पॅनिक (लॅटिन अमेरिकी मूळ असलेल्या) मुलांमध्ये. म्हणजे सरासरी वर जात असताना अनेक गटांचे दर खाली आलेले होते. अशा सरासरीवरून 'समाज मुलांच्या बाबतीत अधिक क्रूर झाला' असा निष्कर्ष काढता येत नाही, आणि तिच्यावरून एकच कारण शोधणे तर मुळीच शक्य नाही.

हे मला कागदांवरून जितके स्पष्ट दिसले तितके तक्त्यांवरून कधीच दिसले नाही. एकाच दिवशी माझ्यासमोर आलेल्या दोन प्रकारच्या नोंदी सांगते. त्या कोणा एका मुलाच्या नाहीत. ओळख पटू नये म्हणून अनेक नोंदींतील तपशील मिसळले आहेत. पहिली नोंद तीन महिन्यांच्या बाळाची. पोलिसांच्या अहवालात 'पलंगावरून पडले' असे पालकाचे म्हणणे आहे. शवविच्छेदनाच्या अहवालात मेंदूभोवती रक्तस्राव आहे, दृष्टिपटलात रक्तस्राव आहे, आणि त्याखाली एक ओळ आहे: डाव्या बाजूच्या मागील बरगड्यांचे भरून येत असलेले जुने अस्थिभंग. ती ओळ वाचली की कळते, हे आज सुरू झालेले नव्हते. घरात बंदूक नाही, टोळी नाही, रस्ता नाही. दुसरी नोंद सोळा वर्षांच्या मुलाची. संध्याकाळची वेळ, घरापासून काही मिनिटांच्या अंतरावर, आदल्या दिवशी समाजमाध्यमावर झालेली बाचाबाची, समोरचाही जवळपास त्याच वयाचा, आणि दोन गोळ्या. 'संशयिताशी नाते' या रकान्यात 'अज्ञात'. हे दोन्ही मृत्यू आंतरराष्ट्रीय रोगवर्गीकरणात हल्ल्याच्या एकाच विभागात, एक्स ८५ ते वाय ०९ या संकेतांमध्ये मोडतात, आणि वार्षिक तक्त्यात एकाच स्तंभात मिळवले जातात. त्यांना एकत्र ठेवणारे आणखी काहीही नाही.

म्हणून मी सर्वांत आधी वय पाहते. वयानुसार आलेख काढला तर तो एका बाजूने चढत जात नाही. तो जन्मापाशी उंच असतो, मग झपाट्याने उतरतो, प्राथमिक शाळेच्या वयात तळाशी राहतो आणि बाराव्या-तेराव्या वर्षानंतर पुन्हा चढू लागून पंधरानंतर सरळ वर जातो. पहिल्या उंचवट्यातही एक कडा आहे: माणसाच्या संपूर्ण आयुष्यात खुनाचा धोका सर्वांत जास्त असतो तो जन्माच्या दिवशी. ही बहुतेक प्रकरणे लपवलेल्या गर्भारपणाची आणि घरात, एकटीने झालेल्या बाळंतपणाची असतात. नवजात बाळ इस्पितळात किंवा अग्निशमन केंद्रात कायदेशीर कारवाईच्या भीतीशिवाय सोपवता यावे, असा कायदा टेक्सास राज्याने १९९९ मध्ये केला आणि साधारण दहा वर्षांत सर्व राज्यांनी तो स्वीकारला. १९८९ ते १९९८ आणि २००८ ते २०१७ या दोन कालखंडांची तुलना केली, तर जन्माच्या दिवशी होणाऱ्या खुनांचा दर ६६.७ टक्क्यांनी घटलेला आहे. सगळे श्रेय त्या कायद्यालाच देता येईल असे मी म्हणणार नाही, कारण त्याच काळात किशोरवयीन मातृत्वही कमी झाले. परंतु ज्या मृत्यूंना लोक 'विकृती' म्हणून सोडून देतात त्यांचा दरही हलू शकतो, एवढे त्यातून निश्चित दिसते.

त्यानंतरच्या महिन्यांतील मृत्यूंचे कारण निराळे असते. बाळांचे रडणे साधारण सहा ते आठ आठवड्यांच्या वयात सर्वाधिक असते आणि जोराने हलवल्यामुळे किंवा आपटल्यामुळे होणाऱ्या डोक्याच्या इजांचे शिखर त्यानंतर थोड्याच आठवड्यांनी येते. थकलेला, एकटा पडलेला, कधी कधी बाळाशी रक्ताचे नाते नसलेला सांभाळणारा आणि न थांबणारे रडणे, असा हा प्रसंग असतो. पहिल्या दहा वर्षांतील बहुतेक खून घरातील किंवा सांभाळणाऱ्या व्यक्तींकडून, मारहाणीतून किंवा दुर्लक्षातून झालेले असतात. या वयातही कृष्णवर्णीय मुलांचा दर गोऱ्या मुलांपेक्षा अधिक आहे, पण ती तफावत किशोरवयातील तफावतीच्या तुलनेत बरीच लहान आहे. हा मुद्दा लक्षात ठेवावा. पुढे 'संस्कृती'च्या दाव्याकडे वळताना तो लागेल.

मुलींबद्दल स्वतंत्रपणे बोलायला हवे, कारण मुलग्यांच्या मोठ्या आकड्यांत त्या हरवतात. लहानपणी मुलगा आणि मुलगी यांच्या दरांत फार मोठा फरक नसतो. तो किशोरवयात उघडतो. पण किशोरवयीन मुलीचा खून हा मुलग्याच्या खुनाची लहान आवृत्ती नसतो. २००३ ते २०१६ या काळातील ११ ते १८ वर्षांच्या ज्या बळींच्या बाबतीत मारेकऱ्याशी असलेले नाते माहीत होते, त्यांपैकी सुमारे ७ टक्के खून सध्याच्या किंवा पूर्वीच्या जोडीदाराने केलेले होते आणि त्या बळींपैकी ९० टक्के मुली होत्या. संबंध तोडणे, मत्सर, कधी नको असलेली गर्भधारणा हे शब्द त्या नोंदींत पुन्हा पुन्हा येतात. टोळ्यांतील हिंसा कमी करणाऱ्या उत्तमोत्तम कार्यक्रमाने या मुलींपैकी एकीचेही आयुष्य वाचणार नाही, आणि 'युवकांमधील हिंसा' या शीर्षकाखाली जेव्हा केवळ रस्त्यावरील गोळीबाराची चर्चा होते तेव्हा मला या नोंदी आठवतात.

आता तुम्ही विचारलेल्या मूळ तफावतीकडे येऊ. १० ते २४ वर्षांच्या मुलग्यांमध्ये बंदुकीने झालेल्या खुनांचा कृष्णवर्णीयांचा दर २०१९ मध्ये गोऱ्यांच्या २०.६ पट होता आणि २०२० मध्ये तो २१.६ पट झाला. पट वाचताना एक सावधगिरी आवश्यक आहे. २०.६ वरून २१.६ ही वाढ किरकोळ वाटते, कारण दोन्ही गटांचे दर त्या वर्षी एकदमच वाढले. समजा एका गटाचा दर ४ वरून ५ झाला आणि दुसऱ्याचा ८० वरून १०० झाला (हे आकडे केवळ समजण्यासाठी घेतले आहेत), तर पट तीच, म्हणजे वीस, राहते. परंतु पहिल्या गटात लाखामागे एक मूल अधिक गेले आणि दुसऱ्या गटात वीस. तफावत पटीत सांगितली की ती स्थिर भासते, फरकात सांगितली की ती किती मुलांच्या जिवावर वाढली हे दिसते. मी अहवालात दोन्ही देते, आणि एकच द्यायची वेळ आली तर फरक देते.

संस्कृतीच्या दाव्याबद्दल माझे मत स्पष्ट आहे: नोंदी त्याला आधार देत नाहीत. जर कारण एखाद्या समाजाच्या मूल्यांत किंवा पालकत्वात असते, तर ते सर्व वयांत आणि हिंसेच्या सर्व प्रकारांत साधारण सारख्या प्रमाणात दिसायला हवे होते. प्रत्यक्षात ही प्रचंड तफावत एका विशिष्ट वयात उघडते, मुख्यतः मुलग्यांमध्ये उघडते आणि मुख्यतः एकाच शस्त्रात उघडते. दुसरी गोष्ट काळाची. १९८० च्या दशकाच्या मध्यापासून १९९३ पर्यंत अमेरिकेत किशोरांमधील खून वेगाने वाढले आणि ती वाढ जवळजवळ संपूर्णपणे बंदुकीच्या खुनांतील होती. त्यानंतर काही वर्षांतच ते निम्म्याहून खाली आले. २०२० मध्ये एका वर्षात पुन्हा उसळी आली आणि २०२३ व २०२४ मध्ये देशातील एकूण खून पुन्हा मोठ्या प्रमाणात घटले. एखाद्या समाजाची संस्कृती बारा महिन्यांत बदलत नाही आणि तीन वर्षांत पुन्हा मागे येत नाही. जे इतक्या लवकर हलते ते परिस्थितीत असते: शस्त्र किती सहज मिळते, शाळा आणि आधार देणाऱ्या सेवा उघड्या आहेत का, पोलिसांवर विश्वास आहे का, आदल्या आठवड्यात कोणाचा मित्र मारला गेला.

गरिबीचा दावा याहून बराच जवळ जातो, पण तोही जसा केला जातो तसा पुरेसा नाही. हिस्पॅनिक मुलांमधील गरिबीचे प्रमाण कृष्णवर्णीय मुलांच्या जवळपास जाणारे असूनही त्यांच्यातील खुनांचा दर बराच कमी आहे. गोऱ्या ग्रामीण भागांत पिढ्यान्‌पिढ्यांचे दारिद्र्य असलेले जिल्हे आहेत, पण तिथल्या मुलांच्या नोंदी माझ्याकडे खुनापेक्षा आत्महत्या म्हणूनच अधिक येतात. केवळ कुटुंबाचे उत्पन्न पाहिले तर हे समजत नाही. ते कुटुंब कुठे राहते हे पाहिले की समजू लागते. रॉबर्ट सॅम्पसन आणि विल्यम ज्युलियस विल्सन या समाजशास्त्रज्ञांनी १९९५ मध्ये एक साधी पण फार महत्त्वाची गोष्ट दाखवून दिली होती, की अमेरिकेतील एक लाखाहून अधिक वस्तीच्या एकाही शहरात कृष्णवर्णीय आणि गोरे लोक सारख्या परिस्थितीच्या वस्त्यांत राहत नाहीत. म्हणजे 'तितकीच गरीब गोरी वस्ती' तुलनेला घ्यायची म्हटली तर ती बहुतेक शहरांत सापडतच नाही. गरीब गोरे मूल बहुधा मिश्र उत्पन्नाच्या वस्तीत राहते. गरीब कृष्णवर्णीय मूल अशा वस्तीत राहण्याची शक्यता कितीतरी अधिक असते, जिथे शेजारीही गरीब, शेजारच्या चार गल्ल्याही गरीब, दुकाने बंद, घरे ओसाड.

ही वस्ती आपोआप तशी झालेली नाही. १९३० च्या दशकात संघराज्य सरकारच्या गृहकर्ज संस्थेने शहरांचे नकाशे तयार केले आणि ज्या भागांत कृष्णवर्णीय लोक राहत होते ते भाग धोकादायक ठरवून लाल रंगाने रंगवले. तिथे घरासाठी कर्ज मिळणे पुढे अनेक दशके जवळपास अशक्य होते. घरांच्या बाबतीत भेदभाव करण्यावर कायद्याने बंदी आली ती १९६८ मध्ये, तोपर्यंत एका पिढीची संपत्ती उभीच राहिली नव्हती. फिलाडेल्फियामध्ये त्या जुन्या नकाशांवर आजच्या गोळीबारांच्या जागा ठेवून पाहिल्या गेल्या आहेत, आणि लाल भागांत त्या दाट आहेत. मी माझ्या राज्यातील १५ ते १९ वर्षांच्या बळींच्या जागा पहिल्यांदा नकाशावर मांडल्या, तेव्हा पडद्यावर ठिपके एकमेकांवर इतके चढले, की संख्या दिसावी म्हणून मला ते थोडेसे सरकवावे लागले. मोठे शहर, शेकडो वस्त्या, आणि ठिपके मोजक्याच ठिकाणी. त्या नकाशावर वंशाचा रकाना मी घेतलाच नव्हता; तरी तो वाचता येत होता.

वस्तीच्या आतही धोका सर्वांना सारखा नसतो, हे सांगितले नाही तर माझे उत्तर त्या वस्त्यांवर अन्याय करेल. शिकागोमध्ये २००६ ते २०१२ या काळात गोळी लागून जखमी झालेल्यांपैकी ७० टक्के लोक, एकत्र अटक झालेल्या व्यक्तींच्या ज्या जाळ्यांत आढळले, त्या जाळ्यांत शहराची ६ टक्क्यांहून कमी लोकसंख्या होती. समाजशास्त्रज्ञ अँड्र्यू पापाक्रिस्टोस यांच्या या कामामुळे आमच्या क्षेत्रात प्रश्न विचारण्याची पद्धत बदलली. सर्वांत कठीण वस्तीतील बहुसंख्य मुले कोणावरही गोळी झाडत नाहीत. ती फक्त गोळीबाराच्या कक्षेत वाढतात आणि त्याची किंमत झोप, अभ्यास आणि भीती यांच्या रूपाने देतात.

बंदुकांच्या दाव्यात सर्वांत सरळ सत्य आहे, आणि तरीही तो एकटा तफावत समजावू शकत नाही. २०२० मध्ये १ ते १९ वर्षांच्या अमेरिकन मुलांच्या मृत्यूचे पहिल्या क्रमांकाचे कारण बंदूक ठरले. वाहन अपघात मागे पडले. २०१० सालच्या आकड्यांनुसार १५ ते २४ वर्षांच्या अमेरिकन तरुणांचा बंदुकीने खून होण्याचा दर इतर श्रीमंत देशांतील त्याच वयाच्या तरुणांच्या ४९ पट होता. सोळा वर्षांची मुले सर्वत्र भांडतात. मुठीने झालेल्या भांडणानंतर दोन्ही मुले घरी जातात, दुसऱ्या दिवशी सुजलेल्या ओठाने शाळेत येतात, आणि तो प्रसंग माझ्यापर्यंत कधीच पोहोचत नाही. बंदूक भांडण निर्माण करत नाही, पण ते माझ्या टेबलावर आणते. मात्र बंदुका तर गोऱ्या ग्रामीण कुटुंबांत अधिक घरांत आहेत. तिथे त्याच शस्त्राने मुले मोठ्या प्रमाणात स्वतःचा जीव घेतात. म्हणजे शस्त्र मृत्यूचे प्रमाण ठरवते, आणि ते कोणत्या दिशेने वळेल हे बऱ्याच अंशी वस्तीची परिस्थिती ठरवते. तुमच्या चर्चेतील दुसरा आणि तिसरा गृहस्थ एकमेकांना खोडून काढत होते, पण त्यांचे म्हणणे एकत्र जोडल्याशिवाय कोणाचेच पूर्ण होत नाही.

आणखी एक दुवा चर्चेत सहसा येत नाही. खुनाचा दर म्हणजे गोळी लागण्याचा दर नव्हे. त्यात जगण्या-मरण्याची शक्यताही मिसळलेली असते. शिकागोच्या दक्षिण भागात, जिथे गोळीबार मोठ्या प्रमाणावर होतात त्या परिसरात, १९९१ पासून २०१८ पर्यंत प्रौढांसाठी एकही ट्रॉमा सेंटर, म्हणजे गंभीर जखमींवर तातडीने उपचार करणारे केंद्र, नव्हते, आणि त्यातील बराच काळ सोळा-सतरा वर्षांच्या मुलांना तिथे प्रौढांतच धरले जात असे. त्या शहरातील अभ्यासात असे दिसले, की ट्रॉमा सेंटरपासून पाच मैलांहून अधिक अंतरावर गोळी लागलेल्यांच्या मृत्यूची शक्यता वाढते. सारख्याच जखमेचे एक मूल 'जखमी' म्हणून नोंदले जाते आणि दुसरे 'खून' म्हणून, याचे कारण कधी कधी रुग्णवाहिकेच्या वाटेत असते.

आता आकड्यांच्या मर्यादा, कारण त्या न सांगता इतके ठामपणे बोलणे बरोबर होणार नाही. अर्भकांच्या मृत्यूंत खून कमी नोंदले जातात. कोलोरॅडो राज्यात १९९० च्या दशकातील प्रकरणे पुन्हा तपासली तेव्हा छळामुळे मरण पावलेल्या मुलांपैकी केवळ निम्म्यांच्या मृत्यूच्या दाखल्यांवर तसे नोंदलेले होते. ही त्रुटी सर्व वंशांत सारखी असती तर पट बिघडली नसती, पण ती सारखी नाही. १९९९ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात डोक्याला इजा झालेल्या छळग्रस्त बाळांपैकी ३१ टक्क्यांच्या बाबतीत डॉक्टरांच्या पहिल्या तपासणीत छळ लक्षात आला नव्हता, आणि तो निसटण्याची शक्यता गोऱ्या, आई-वडील दोघे एकत्र असलेल्या घरातील बाळांमध्ये अधिक होती. फिलाडेल्फियातील दुसऱ्या एका अभ्यासात अस्थिभंग झालेल्या अल्पसंख्य समाजातील लहान मुलांची छळाच्या संशयाने तपासणी आणि तक्रार अधिक वेळा झाली होती. तेव्हा बाळांच्या बाबतीत दिसणाऱ्या तफावतीतील काही भाग मृत्यूचा नसून नजरेचा आहे, असे मी मानते.

वंशाचा रकानाही वाटतो तितका भक्कम नाही. मृत्यूच्या दाखल्यावर वंश लिहितो तो अंत्यसंस्कार करणारा व्यावसायिक, नातेवाइकांना विचारून, आणि कधी न विचारता, केवळ चेहरा पाहून. यात सर्वाधिक नुकसान मूलनिवासी अमेरिकन मुलांचे होते. त्यांपैकी अनेकांची नोंद 'गोरे' म्हणून होते आणि त्यांच्यातील खुनांचा दर कागदावर प्रत्यक्षापेक्षा कमी दिसतो. मी पाहिलेल्या एका प्रकारच्या नोंदींत दाखल्यावर एक वंश, पोलिसांच्या अहवालात दुसरा आणि शवविच्छेदनाच्या अहवालात रकाना कोरा, असे तिन्ही प्रकार एकाच मुलाच्या बाबतीत आढळतात. किशोरांच्या खुनांत तर मारेकऱ्याशी नाते 'अज्ञात' असण्याचे प्रमाण मोठे आहे, कारण अनेक प्रकरणे उलगडतच नाहीत, आणि बळी कृष्णवर्णीय असेल तर ती कमी उलगडतात. म्हणून वर दिलेली ७ टक्क्यांसारखी प्रमाणे 'नाते माहीत असलेल्या' खुनांचीच आहेत, हे मी मुद्दाम लिहिले होते.

एवढ्यावरून मधेच एक आढावा घ्यायचा तर तो असा: लहान मुलांचे खून घरात, सांभाळणाऱ्याच्या हातून होतात आणि ते दीर्घकाळात कमी झाले आहेत, किशोरवयीन मुलींच्या खुनांत जोडीदाराच्या हिंसेचा वेगळा प्रवाह आहे, आणि तुम्ही वाचलेली प्रचंड वांशिक तफावत प्रामुख्याने किशोरवयीन मुलग्यांच्या, बंदुकीने झालेल्या, मोजक्या वस्त्यांत एकवटलेल्या खुनांची आहे. वंश तिथे कारण म्हणून येत नाही. कोणत्या मुलाला कोणत्या गल्लीत वाढावे लागेल हे अमेरिकेत ज्या व्यवस्थेने ठरवले, तिची खूण म्हणून तो येतो.

कारण नीट वेगळे केले की उपायही वेगळे दिसतात, आणि माझ्या दृष्टीने हाच या सगळ्या खटाटोपाचा उपयोग आहे. पहिल्यांदा आई होणाऱ्या गरीब स्त्रियांच्या घरी प्रशिक्षित परिचारिका नियमितपणे जाण्याचा जो प्रयोग संशोधक डेव्हिड ओल्ड्स यांनी न्यूयॉर्क राज्यातील एल्मायरा येथे केला, त्यात पंधरा वर्षांनंतरही मुलांच्या छळाची आणि दुर्लक्षाची प्रमाणित प्रकरणे ४८ टक्क्यांनी कमी आढळली. फिलाडेल्फियात ५४१ ओसाड भूखंड यादृच्छिक पद्धतीने निवडून त्यांपैकी काही साफ करून, गवत आणि झाडे लावून, बुटके लाकडी कुंपण घातले गेले. दारिद्र्यरेषेखालील वस्त्यांत तिथला गोळीबार २९ टक्क्यांनी घटला. शिकागोमध्ये हिंसाग्रस्त भागांतील १३ शाळांच्या १,६३४ विद्यार्थ्यांमधून चिठ्ठ्या टाकून काहींना उन्हाळ्यात आठ आठवड्यांचे काम दिले, तेव्हा पुढील १६ महिन्यांत त्यांच्यातील हिंसक गुन्ह्यांसाठीच्या अटका ४३ टक्क्यांनी कमी झाल्या. या मुलांचे संस्कार कोणी बदलले नव्हते. त्यांना उन्हाळ्यातील आठवडे आणि एक मोठे माणूस मिळाले होते. १९९६ मध्ये बॉस्टनमध्ये मोजक्या हिंसक टोळ्यांशी थेट बोलणी, सेवांचा हात आणि बंदूक वापरल्यास संपूर्ण गटावर कारवाई असा उपक्रम झाला आणि तरुणांचे खून ६३ टक्क्यांनी घटले, जरी त्यांतील किती घट त्या उपक्रमामुळे आणि किती त्या काळातील देशव्यापी घसरणीमुळे, यावर आजही अभ्यासकांत मतभेद आहेत. कोणता उपाय कुठे लागू पडेल हे त्या शहरात पैसा किती वर्षे टिकतो, इस्पितळे, शाळा आणि पोलीस एकमेकांशी बोलतात का, यावर अवलंबून असते. बॉस्टनचा उपक्रम इतर शहरांत नेला तेव्हा कुठे तो चालला आणि कुठे दोन वर्षांत विरला, ते मुख्यतः याच कारणाने.

तुम्ही हे आकडे स्वतः तपासणार असाल तर अमेरिकेच्या रोग नियंत्रण केंद्राचा 'वंडर' हा विदासंच सर्वांसाठी खुला आहे. त्यात ० ते १७ असा एकच गट मागू नका; एक वर्षाखालील, १ ते ४, ५ ते ९, १० ते १४ आणि १५ ते १९ असे वेगळे मागा, आणि १८ व १९ वर्षांची मुले धरली आहेत की नाही हे प्रत्येक वेळी लिहून ठेवा, कारण वर्तमानपत्रांतील अर्धे वाद त्या दोन वर्षांमुळे होतात. दहापेक्षा कमी मृत्यू असतील तर तिथे संख्या दाखवली जात नाही आणि वीसपेक्षा कमी असतील तर दर अविश्वसनीय म्हणून चिन्हांकित केला जातो. अशा वेळी एकाऐवजी पाच वर्षे एकत्र करा, पण रिकामी जागा शून्य समजू नका. मूलनिवासी अमेरिकन मुलींच्या बाबतीत ती जागा बहुधा रिकामीच दिसेल, आणि तिथे कोणीही मेले नाही असा तिचा अर्थ नाही. २०१८ च्या आसपास वंशाची वर्गवारी बदलली आहे, त्यामुळे त्याआधीची आणि नंतरची मालिका एका रेघेने जोडण्यापूर्वी दोन्हींत सामाईक असलेल्या वर्षांचे आकडे शेजारी ठेवून पाहा.